रब्बीतील प्रयोगावर एम.एस्सी.चा प्रबंध : पेरणीआधी काय ठरवाल?

एम.एस्सी. (कृषी) करणाऱ्या विद्यार्थ्यांचे फोन मला बहुधा मार्चमध्ये येतात. हरभऱ्याची काढणी झालेली असते, आकडे हातात असतात आणि विश्लेषणात काही दिसत नाही. तेव्हा सुधारण्यासारखे फारसे उरलेले नसते.

अभ्यासक्रम चार सत्रांचा. त्यात रब्बी हंगाम दोनच येतात आणि पहिल्या हंगामात बहुतेकांचा विषयही पक्का नसतो. म्हणजे हाती एकच पेरणी. ती हुकली की वर्ष गेले. म्हणून संशोधनाचा आराखडा पावसाळ्यातच मंजूर करून घ्या आणि बियाणे, जमीन, मजूर यांची सोय सप्टेंबरअखेर लावा.

आराखड्यात सर्वांत जास्त वेळ उपचारांच्या संख्येला द्या. यादृच्छिक गट रचनेत (आरबीडी) एरर डीएफ किमान 12 असावा, असा संकेत आहे. तो काढायचा असा : उपचारांच्या संख्येतून 1 वजा, पुनरावृत्तींतून 1 वजा आणि दोन्हींचा गुणाकार. सात उपचार, तीन पुनरावृत्ती घेतल्या तर 6 × 2 = 12; म्हणजे अगदी काठावर. एका वाफ्यात जनावर शिरले तर त्याचे उत्पादन सूत्राने अंदाजता येते, पण डीएफ 11 वर येतो. त्यापेक्षा आठ उपचार घ्या (14), किंवा चौथी पुनरावृत्ती वाढवा (18). वाफे 21 ऐवजी 24 किंवा 28 होतील, खुरपणीचा खर्च वाढेल, तो सोसा.

गट पाडताना जमिनीचा उतार पाहा. गट उताराला आडवे हवेत, म्हणजे एका गटातील सर्व वाफे सारख्या जमिनीवर येतात.

मातीचे नमुने खत टाकण्यापूर्वी घ्या. हे नंतर कोणत्याही उपायाने भरून निघत नाही.

काढणीत आधी कडेच्या ओळी वेगळ्या कापा. 5 × 3.6 मीटरच्या वाफ्यात निव्वळ वाफा 4 × 3 मीटर धरला तर क्षेत्र 12 चौरस मीटर होते. त्यातून 2.4 किलो दाणे मिळाले तर हेक्टरी 20 क्विंटल. यात 100 ग्रॅमची चूक झाली तरी हेक्टरी 83 किलोंचा फरक पडतो, त्यामुळे दाणे नीट वाळवूनच वजन करा.

माझ्या प्रबंधाच्या वेळी मी पेंढ्यांना शाईने लिहिलेल्या कागदी चिठ्ठ्या बांधल्या होत्या. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आणि दोन पेंढ्या कोणत्या वाफ्यांच्या ते शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीने लिहितो. प्रत्येक पेंढीला दोन पट्ट्या : एक बाहेर, एक आत.

'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण पीक शेतात उभे असतानाच लिहून टाका. मे महिन्यात खताच्या तारखा आठवत नाहीत. उपचारांतील फरक सार्थ आला नाही तर तसेच लिहा. आकड्यांना हात लावू नका आणि शेतात भरलेली मूळ नोंदवही, मातीचे डाग पडलेली का असेना, तोंडी परीक्षेला सोबत न्या.