यकृताच्या रांगेचे गणित

‘डॉक्टर, आमचा नंबर कितवा?’ यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागले की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. रेल्वेच्या वेटिंग लिस्टची सवय असलेल्या आपल्याला वाटते, आज चाळिसावे असलो तर महिन्याभरात तिसावे होऊ आणि कधी ना कधी पहिले. यकृताची रांग तशी सरकत नाही. काल नाव लागलेला माणूस वर्षभर थांबलेल्याच्या पुढे जाऊ शकतो आणि औषधांनी जरा सावरलेला रुग्ण मागे पडू शकतो. घरच्यांना हा सरळसरळ अन्याय वाटतो. पण ही रांग अशी का लावावी लागली हे कळले, की तिच्यातले शहाणपण दिसते आणि तिच्या उणिवाही.

मूत्रपिंडे निकामी झाली तर डायलिसिसवर माणूस वर्षानुवर्षे काढू शकतो. त्यामुळे तिथे कोण किती काळ थांबला, याला अर्थ असतो. यकृताला असे बदली यंत्र नाही. सुमारे दीड किलोचा हा अवयव रक्त गोठवणारी प्रथिने तयार करतो, आतड्यांतून आलेला अमोनिया निष्प्रभ करतो, साखर साठवतो आणि लागेल तशी रक्तात सोडतो. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, किंवा अलीकडे घरोघरी ऐकू येणारे ‘फॅटी लिव्हर’, कारण कोणतेही असो, यकृताचा मऊ भाग जाऊन तिथे जून व्रणांची जाळी झाली की त्याला सिरॉसिस म्हणतात. सिरॉसिस झालेला एखादा रुग्ण दहा वर्षे धडधाकट राहतो, तर दुसरा दहा आठवड्यांत हाताबाहेर जातो. दोघांना एकाच रांगेत, आल्या क्रमाने उभे करणे म्हणजे दुसऱ्याला मरू देणे.

घाई करणाऱ्यांची रांग

अमेरिकेतल्या थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हरमध्ये माणसावर पहिले यकृत प्रत्यारोपण केले. तो लहान मुलगा टेबलावरच दगावला. एका रुग्णाने नव्या यकृतावर वर्ष ओलांडले ते १९६७ नंतर. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आले, शरीराने परका अवयव नाकारण्याचे प्रमाण कमी झाले आणि शस्त्रक्रिया प्रयोगातून उपचारात आली. त्याबरोबर रांगही आली.

सुरुवातीला तिथे थांबण्याच्या काळाला मोठे वजन होते. मग व्हायचे तेच झाले. गरज पडण्याआधीच नाव नोंदवून ठेवण्याकडे कल वाढला, कारण यादीतला प्रत्येक दिवस म्हणजे जमा झालेले पुण्य. शिवाय पोटात पाणी किती, मेंदूवर परिणाम किती, हे डॉक्टरांच्या नजरेवर ठरत असे. आणि प्रत्येकाची नजर आपल्या रुग्णाकडे झुकणारच.

यावरचा तोडगा अनपेक्षित जागी सापडला. मेयो क्लिनिकमधले डॉक्टर एका वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होते. यकृतातल्या शिरांचा दाब उतरवण्यासाठी आतून एक नळी बसवतात. ती बसवल्यावर कोणता रुग्ण तीन महिने तग धरणार नाही, हे त्यांना आधी ओळखायचे होते. त्यासाठी २००० साली त्यांनी एक सूत्र मांडले. पुढच्याच वर्षी पॅट्रिक कामथ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की यकृताच्या जुनाट आजाराच्या सगळ्याच रुग्णांना ते लागू पडते. २००२च्या फेब्रुवारीपासून अमेरिकेची रांग त्या सूत्राने लागू लागली. त्याचे नाव ‘मेल्ड’.

रक्ताचे तीन आकडे

मूळ मेल्डला तीनच तपासण्या लागतात. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती चढली आहे. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर होतो. आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कशी चालली आहेत. त्यांतून ६ ते ४० यांच्यामधला एक आकडा निघतो. आकडा जितका मोठा, तितका येत्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका जास्त.

एक उदाहरण करून पाहू. बिलिरुबिन ४, आयएनआर १.८ आणि क्रिएटिनिन १ असेल तर मेल्ड येतो १८. आता कावीळ दुप्पट झाली, बिलिरुबिन ८ झाले, तर आकडा २१च्या आसपास जातो. पण कावीळ तेवढीच राहून क्रिएटिनिन १चे २ झाले, तर तो थेट २५. घरचे रोज डोळ्यांचा पिवळेपणा बघत असतात, तर गणितात जास्त धास्ती असते मूत्रपिंडांची. म्हणूनच यकृताच्या रुग्णाला अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी देऊ नका, असे डॉक्टर पुन्हा पुन्हा बजावतात. अशा बहुतेक गोळ्या आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर घाव घालतात.

आकडा १५च्या खाली असेल तर साधारणपणे शस्त्रक्रियेचा धोका थांबण्याच्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. तिथे ‘अजून नको’ हाच बरोबर उपचार असतो. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचा आकडा ४०ला टेकला तर मात्र तीन महिन्यांत दहापैकी सात जण जातात. आणि यकृत अचानक निकामी झालेला रुग्ण, मग ते उंदीर मारण्याच्या विषाने असो वा हिपॅटायटिसने, या गणिताच्या बाहेर सर्वांत वर जातो. त्याच्याजवळ महिने नसतात, दिवस असतात.

आकड्याला न दिसणारे

मेल्ड निःपक्षपाती आहे, पण सर्वज्ञ नाही. रक्तातले सोडियम घसरलेला रुग्ण मेल्ड सांगतो त्यापेक्षा अधिक धोक्यात असतो, हे लक्षात आल्यावर २०१६मध्ये अमेरिकेने सोडियमही गणितात घेतले. त्याहून मोठी चूक स्त्रियांच्या बाबतीत होती. क्रिएटिनिन स्नायूंमधून येते. बायकांचे स्नायू कमी, म्हणून मूत्रपिंडे तितकीच बिघडली तरी त्यांचे क्रिएटिनिन कमी दिसते. आजार तोच, पण आकडा लहान. परिणामी रांगेत मागे राहून मरणाऱ्यांत स्त्रिया जास्त. २०२३पासून तिथे लागू झालेल्या ‘मेल्ड ३.०’मध्ये स्त्री रुग्णाला १.३३ गुण जास्त मिळतात आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिनही मोजले जाते. म्हणजे ही चूक सुधारायला एकवीस वर्षे लागली.

यकृताच्या कर्करोगाचेही तसेच. गाठ वाढत असते, पण रक्त बरेचसे ठीक असते. त्यासाठी १९९६मध्ये इटलीच्या विन्चेन्झो मात्साफेरो यांनी आखलेले मिलान निकष वापरतात: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंत. त्यात बसणाऱ्या रुग्णाला वेगळे गुण देता येतात.

आणि मेंदूवरचा परिणाम तर या गणितात नाहीच. यकृताने न पकडलेला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचला की सुरुवात फार बारीक होते. रात्री झोप नाही, दिवसा ग्लानी. आयुष्यभर खतावण्या लिहिलेल्या माणसाची सही बँकेत जुळत नाही. डॉक्टर त्याला दोन्ही हात समोर ताठ धरून मनगटे मागे वळवायला सांगतात. काही सेकंदांत पंजे आपोआप खाली पडतात, पुन्हा उचलले जातात, पुन्हा पडतात. कागदावर विखुरलेले १ ते २५ आकडे ओळीने जोडायला दिले तर बाराच्या पुढे पेन घुटमळते. त्या दिवशी मेल्ड कदाचित १६ असेल. घर मात्र पार उन्मळून गेलेले असते, कारण या माणसाला आता एकटे सोडता येत नाही.

वाट पाहणे हेही काम

या काळात रुग्णाने टिकून राहायचे असते, आणि त्यातले निम्मे काम स्वयंपाकघरात होते. कावीळ म्हटली की आपल्याकडे डाळ, अंडी, दूध बंद करून पेज आणि उसाच्या रसावर ठेवण्याची रीत आहे. सिरॉसिसमध्ये ती घातक ठरते. यकृत साखर साठवू शकत नाही, म्हणून शरीर स्नायू खाऊ लागते. अशा रुग्णाचा एका रात्रीचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतका पडतो. म्हणून रोज दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे, हा आज जगभरचा सल्ला आहे. नवसाचे उपास घरच्यांनी करावेत, रुग्णाने नव्हे. लोणचे-पापड मात्र सुटले पाहिजेत, कारण मीठ पाणी धरून ठेवते आणि पोट पुन्हा तट्ट फुगते. मग दर काही दिवसांनी सुईने पाच-सहा लिटर पाणी काढायचे आणि शिरेतून अल्ब्युमिन द्यायचे, हे चक्र सुरू होते.

काढ्यांचेही तेच. ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला?’ असे म्हणून दिले जाणारे चूर्ण आजारी यकृतालाच पचवावे लागते. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णाने विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये, एवढे तरी वादातीत आहे.

हल्ली डॉक्टर रुग्णाच्या हाताची पकड मोजतात, हाताचा आधार न घेता पाच वेळा खुर्चीतून उठायला लावतात, तोल पाहतात. ज्याला हे जमत नाही, तो मेल्ड कमी असूनही रांगेतच गळण्याची शक्यता जास्त. रोज चालणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे.

आपल्याकडची रांग घरातच

आपल्याकडेही रुग्ण किती आजारी आहे, हे मेल्डवरूनच मोजतात. मात्र मृत दात्याचे यकृत कोणाला द्यायचे, याचे नियम राज्यागणिक बदलतात. दाता ज्या रुग्णालयात आहे तिथल्या रुग्णाचा विचार आधी करण्याची पद्धतही अनेक ठिकाणी आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे ही यादी सांभाळतात. पण आपल्या देशातली बहुसंख्य यकृत प्रत्यारोपणे या यादीतून होतच नाहीत. ती घरातल्या माणसाने आपले यकृत कापून दिल्याने होतात. १९९८मध्ये भारतात यशस्वी झालेल्या पहिल्या प्रत्यारोपणातही बाळाला यकृत दिले होते वडिलांनी.

कापलेले यकृत पुन्हा वाढते, त्यामुळे हे शक्य होते. रुग्णाला त्याच्या वजनाच्या ०.८ टक्के तरी यकृत लागते. साठ किलोच्या माणसाला साधारण ४८० ग्रॅम. दात्याकडे किमान ३० टक्के उरले पाहिजे. रक्तगट जुळला, मापे जुळली, तरी अनेकदा घोडे पेंड खाते ते दात्याच्याच यकृतातल्या चरबीवर. मग दाता काही आठवडे तेल-साखर सोडून, चालून वजन उतरवतो आणि तोवर रुग्ण थांबतो. उजवा भाग दिल्यास दात्याच्या जिवाला असणारा धोका हजारात दोन ते पाच असा सांगितला जातो. हा आकडा लहान आहे, पण तो पूर्ण निरोगी माणसाचा आहे, हे विसरू नये. आपल्याकडे असे दाते बहुतांशी बायका असतात: पत्नी, आई, बहीण. त्यांना ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक खरोखर किती असते, हे कोणतीच रक्ततपासणी सांगत नाही. आणि खासगी रुग्णालयातला वीस-पंचवीस लाखांचा खर्च ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांचे तर नावच यादीत लागत नाही.

रांग लांब का

मृत दात्याकडून यकृत मिळते ते मेंदू मृत झाल्यावर, पण हृदय चालू असताना. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. तरीही श्वासाची हालचाल झाली नाही तरच मेंदूमृत्यू जाहीर होतो. त्यानंतर नातेवाइकांना विचारले जाते. होकार आला की घड्याळ सुरू. बर्फात यकृत आठ ते बारा तास टिकते. फोन आलेला रुग्ण धावतपळत पोहोचतो आणि कधी कधी परत पाठवला जातो, कारण दात्याचे पोट उघडल्यावर यकृत चरबीने भरलेले निघते. यकृतात उबदार रक्त फिरवत ठेवणारी यंत्रे हे चित्र बदलू लागली आहेत. झुरिचच्या डॉक्टरांनी तीन दिवस यंत्रावर ठेवलेले यकृत २०२१मध्ये यशस्वीपणे बसवले.

पण यंत्र असो वा सूत्र, ती फक्त रांग नीट लावतात, आखूड करत नाहीत. २०२३मध्ये भारतात सर्व अवयवांची मिळून १८,३७८ प्रत्यारोपणे झाली. त्यांत यकृताची ४,४९१ होती. १४० कोटींच्या या देशात त्या वर्षी मृत दाते होते १,०९९, म्हणजे दर दहा लाखांमागे एकही नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण त्या वर्षी जवळपास ४९ होते. स्पेनचे लोक काही आपल्यापेक्षा जास्त दानशूर नाहीत. त्यांनी १९८९पासून अतिदक्षता विभागांत प्रशिक्षित समन्वयक नेमले, मेंदूमृत्यू वेळेवर ओळखण्याची शिस्त लावली आणि नातेवाइकांशी नीट बोलायला माणसे तयार केली. आपल्याकडे अपघातानंतर व्हेंटिलेटरवर असलेल्या किती रुग्णांचा मेंदूमृत्यू रीतसर जाहीर होतो, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला विचारायला हवा.

आणि एक प्रश्न स्वतःला. आधारच्या साहाय्याने अवयवदानाची ऑनलाइन प्रतिज्ञा घेणे आता सोपे आहे, पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा घरच्यांच्या होकाराशिवाय आपल्याकडे अवयव काढले जात नाहीत. तेव्हा पाकिटात कार्ड ठेवून भागणार नाही. पत्नीला, नवऱ्याला, मुलांना, आईवडिलांना आपली इच्छा स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्यांचीही विचारून घ्या. हे बोलणे आजच उरकून टाका.