अर्ज नेमका कधी सुरू होतो?

२८ जून १८८३. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडिसिया कार्पेंटर यांच्या घरी राहून अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी मला पुऱ्या करता येणार नाहीत, हे त्यांनी त्यात सरळ कबूल केलं. माझी परिस्थिती वेगळी आहे, ती ध्यानात घ्या, अशी विनंती केली. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार करून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला हे शिकायचंय, असं कारण दिलं.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण तिच्यातल्या तारखा एकदा ओळीनं मांडून बघा. ७ एप्रिलला त्यांनी कलकत्ता सोडलं, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि अर्ज केला तो त्यानंतर तीन आठवड्यांनी! आधी सातासमुद्रापार प्रवास, मग अर्ज. कॉलेजनं होकार दिला, ऑक्टोबरात त्या वर्गात बसल्या आणि ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. पत्रापासून पदवीपर्यंत पावणेतीन वर्षं.

हे ऐकून कुणाला वाटेल, तेव्हा किती सोपं होतं! पण आणखी थोडं मागे जाऊ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी त्यांच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना पहिलं पत्र लिहिलं ते १८७८ मध्ये, कोल्हापूरहून. ते तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहताना कार्पेंटरबाईंनी तो जुना अंक सहज उघडला, पत्र वाचलं आणि कल्याणच्या या मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. मधल्या काळात आनंदीबाईंनी दहा दिवसांचं बाळ गमावलं होतं. पुढे त्यांची स्वतःची तब्येतही ढासळू लागली. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभं राहून आपण अमेरिकेला का जातोय ते त्यांनी सांगितलं. म्हणजे २८ जून ही कागदावरची तारीख. अर्ज खरं तर पाच वर्षं चालू होता.

मला थक्क करते ती हीच गोष्ट. परदेशी विद्यार्थ्याच्या अर्जावर जी तारीख पडते, ती फार आधी, दुसऱ्याच कुठल्या तरी खोलीत ठरलेली असते. तेव्हाही आणि आजही.

आज एखाद्या मराठी मुलीला त्याच फिलाडेल्फियात डॉक्टर व्हायचं असेल, तर बारावीनंतर तिथल्या मेडिकल कॉलेजचं दार सहसा उघडत नाही. आधी पदवी हवी, आणि परदेशी विद्यार्थ्यांना घेणाऱ्या मोजक्या कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी त्यातला काही अभ्यास तरी अमेरिकेत किंवा कॅनडात झालेला हवा. सामायिक अर्ज मे महिन्यात उघडतो, महिनाअखेरीपासून तो भरता येतो आणि जूनच्या शेवटी कॉलेजांकडे पोचतो. वर्ग सुरू होतात ते पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टात. आनंदीबाईंना अर्ज ते वर्ग हे अंतर जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचं होतं, आता ते वर्षाच्याही पुढे गेलंय. शिवाय बरीच कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत जातात आणि मुलाखतीला बोलावत जातात. त्यामुळे शेवटची तारीख लांब असली तरी जागा मात्र हळूहळू भरत राहतात. जूनचा अर्ज आणि ऑक्टोबरचा अर्ज नियमानं सारखेच, नशिबानं नाहीत.

ब्रिटनचं कोडं त्याहून विलक्षण. तिथे वैद्यकीय शाखेच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, वर्ग भरायच्या जवळजवळ वर्षभर आधी. यूकॅट ही प्रवेश परीक्षा त्याच्याही आधी, जुलै ते सप्टेंबरात देऊन टाकायची. आपल्या राज्य मंडळाची बारावीची परीक्षा असते फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे मुलगी जेव्हा दिवाळीच्या तोंडावर सहामाहीचा अभ्यास करत असते, तेव्हा तिकडचं दार बंद होऊन गेलेलं असतं. तिथे अर्ज होतो तो शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर. आपल्याकडे निकाल लागला की मग पुढचं बघू, अशी घराघरातली रीत आहे. ती चुकीची नाही, पण ती आपल्या पंचांगाची रीत आहे. ज्या देशात जायचं, त्याचं पंचांग दहावीतच भिंतीवर लावावं लागतं.

आणि परत येऊन इथे वैद्यकी करायची असेल, तर आपलाही एक हिशेब आहे. परदेशात एमबीबीएसला जायचं तरी ‘नीट’ या आपल्या प्रवेश परीक्षेत पात्र व्हावंच लागतं, आणि परदेशी प्रवेशासाठी ते गुण तीन वर्षं चालतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा हवा, तो इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि सगळं मिळून दहा वर्षांच्या आत उरकायला हवं. म्हणून मी तर म्हणेन, हिशेब उलटा मांडावा. भारतात कधी पाटी लावायची ते वर्ष आधी लिहावं आणि तिथून मागे मोजत यावं. एजंट सांगतात म्हणून सप्टेंबरच्या विमानात बसणं आणि असं मोजून बसणं, यात आयुष्याचा फरक पडतो.

आता प्रवाहाची दिशा उलटी करू. पुण्याहून लवासाच्या वाटेला लागलं की भूगाव, पिरंगुट असा मुळशी तालुका सुरू होतो. याच तालुक्यात लवळ्याच्या टेकडीवर सिंबायोसिसचं मेडिकल कॉलेज आहे, फक्त मुलींसाठी, २०२० मध्ये १५० जागांनी सुरू झालेलं. सिंबायोसिस ही संस्थाच मुळी परदेशी विद्यार्थ्यांच्या काळजीतून जन्मली. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर होते. कावीळ झालेल्या एका मॉरिशसच्या मुलाला एक मुलगी खिडकीतून डबा देताना त्यांनी पाहिलं, चौकशी केली, आणि त्यातून १९७१ मध्ये संस्था उभी राहिली. ज्या महाराष्ट्रातली एक बाई डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडून महिलांच्या कॉलेजात गेली, त्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळ, आज महिलांचं मेडिकल कॉलेज आहे आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरातली मुलगी तिथे अर्ज करू शकते. हे मला खरोखर अद्भुत वाटतं.

पण कधी करायचा? अनिवासी असो, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक असो की परदेशी, नीट सगळ्यांनाच द्यावी लागते. तिचा अर्ज बहुधा फेब्रुवारी-मार्चात भरायचा, परीक्षा मे महिन्यात. भारताबाहेर ही परीक्षा पहिल्यांदा २०२१ मध्ये झाली, कुवेत आणि दुबईत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची सतरा वर्षं पुरी हवीत, आणि अकरावी-बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी झालेलं हवं. अमेरिकेच्या हायस्कूलमध्ये विषय मुलंच निवडतात. म्हणजे पंधराव्या वर्षी भौतिकशास्त्र सोडणारी मुलगी नकळत एक दार लावून टाकत असते.

सगळ्यात चकित करणारी तारीख मात्र ओसीआय कार्डावर आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं या कार्डधारकांना नीटच्या प्रवेशात फक्त अनिवासींच्या जागांपुरतं पात्र ठरवलं. ३ फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हा बदल पुढच्या काळासाठीच आहे, ४ मार्च २०२१ च्या आधी ज्यांना कार्ड मिळालं त्यांचा जुना हक्क शाबूत राहील. मुलगी रांगत असताना आईबाबांनी आजीला भेटायला येता यावं म्हणून काढलेलं कार्ड सतरा वर्षांनी तिला कोणत्या जागांसाठी उभं राहता येईल ते ठरवतं! परदेशात राहणाऱ्या ज्या घरांत डॉक्टर व्हायचं म्हणणारं एखादं पोर आहे, त्यांनी ते कार्ड कपाटातून काढून त्यावरची तारीख आजच वाचावी, आणि मग नीटच्या पुस्तकांच्या दुकानात जावं.