चौकातला 'साइडशो' आणि कॅलिफोर्नियाचे कायदे

रात्री चारी बाजूंनी गाड्या आडव्या लावून चौक अडवायचा आणि मधल्या जागेत टायर जाळत गाडी गरागरा फिरवायची, याला कॅलिफोर्नियात 'साइडशो' म्हणतात. १९८०च्या दशकात ओकलंडमध्ये हौशी गाड्या मिरवण्यातून हा प्रकार वाढला. आता बघे मोबाइल उंचावून इतके जवळ उभे राहतात, की गाडीचा मागचा भाग घसरत आला तर पाय मागे घ्यायलाही सवड नसते. रुग्णवाहिका अडकते ती वेगळीच.

राज्याने २०२१मध्ये साइडशोची व्याख्या कायद्यात आणली: दोन किंवा अधिक जणांनी प्रेक्षकांसाठी गाडीच्या कसरती करायला रस्ता अडवणे. १ जुलै २०२५पासून अशा चालकाचा परवाना न्यायालय ९० दिवस ते सहा महिने निलंबित करू शकते. २०२४मध्ये गाडी जप्त करण्याचे अधिकारही वाढवले. खरा धाक त्याचाच. दंड भरून माणूस मोकळा होतो. पण पदरचे पैसे ओतून सजवलेली गाडी महिनाभर अडकून पडली, की झोंबते.

वाद आहे तो बघ्यांवरून. अ‍ॅलमेडा काउंटीने २०२३मध्ये २०० फुटांच्या आत उभे राहून पाहणेच गुन्हा ठरवले, तेव्हा एक पत्रकार न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे रास्त वाटते: रस्ता अडवणारा आणि त्याची बातमी देणारा यांना एकाच मापाने मोजू नये. सॅन होजेतही २०१९पासून बघ्यांवर कारवाई होऊ शकते. त्या भागातल्या मराठी वाचकांनी असा घोळका दिसताच गाडी वळवावी. चित्रण करायला थांबू नये.