एमबीबीएस कोणता डॉक्टर घडवते?

एमबीबीएस म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या (पीजीच्या) वाटेवरची पहिली पायरी, हा समज घराघरांत पक्का आहे. ‘नुसतं एमबीबीएस करून काय होणार?’ हे प्रवेश मिळाल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या कानावर पडते. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत मात्र याच्या नेमके उलट लिहिले आहे. २०१९ च्या तुकडीपासून देशभर लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाचे घोषित उद्दिष्ट आहे समाजाला सर्वांत आधी भेटणारा डॉक्टर घडवणे. तापाने फणफणलेले मूल, अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतमजूर यांची अवस्था ओळखायची, हाती असेल तो उपचार सुरू करायचा आणि वेळ न दवडता योग्य ठिकाणी पाठवायचे, ही पूर्ण जबाबदारी आहे. अर्धवट शिक्षण नव्हे. ही अपेक्षा नवीही नाही. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालातच डॉक्टरला समाजाचा वैद्य मानले होते आणि त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते.

निदान केले, औषध लिहिले की डॉक्टरचे काम संपले, हा दुसरा गैरसमज. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पदवीधराच्या पाच भूमिका ठरवल्या: उपचार करणारा, आरोग्यपथकाचा सदस्य व नेता, संवादक, आजन्म विद्यार्थी आणि सचोटीचा व्यावसायिक. यासाठी वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ हा वेगळा भाग आहे. त्यात पहिल्याच वर्षी ‘रुग्ण असणे म्हणजे काय’ यावर चर्चा होते आणि विच्छेदनाच्या टेबलावरील देहाकडे पहिला गुरू म्हणून पाहायला शिकवले जाते. रुग्णाशी कसे बोलावे हे उपजतच यावे लागते, असे मानण्याचे दिवस त्यामुळे संपायला हवेत.

खेड्यात जाणे ही शिक्षा किंवा हौसेचे समाजकार्य, असेही मानले जाते. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत ते शिक्षणाचाच भाग आहे. तिथे दर नव्या तुकडीला एक गाव दिले जाते. विद्यार्थी पंधरा दिवस शिबिरात राहतात, नेमून दिलेल्या कुटुंबांची तपासणी करतात आणि नंतरही त्या घरांत जात राहतात. २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक घेण्याचा असा उपक्रम सर्वच महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आला.

एमबीबीएस ही नुसती पहिली पायरी, या गैरसमजाला खतपाणी मिळते ते परीक्षापद्धतीतून. पीजीची प्रवेशपरीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची असते. रुग्णाशी बोलण्याचे कौशल्य तिथे तपासलेच जात नाही. साहजिकच इंटर्नशिपच्या काळात वॉर्डातला वेळ वाचवून अभ्यासिका गाठली जाते.