चित्र दिसते, अक्षरे का उमटत नाहीत?

मुले ज्यावर खेळ खेळतात ते गेम कन्सोल नावाचे यंत्र आता अनेक घरांत चित्रपटगृहाचेही काम करते. सोनी कंपनीने २००६ साली बाजारात आणलेल्या प्लेस्टेशन ३ चे उदाहरण घेऊ. त्यात चकतीवरचा चित्रपट लावला तर तळाशी संवादांच्या ओळी, म्हणजे सबटायटल, व्यवस्थित दिसतात. परंतु तोच चित्रपट पेनड्राइव्हवरून लावला की चित्र येते, आवाज येतो, ओळी मात्र येत नाहीत. ज्याला नीट ऐकू येते त्याला ही किरकोळ गैरसोय वाटेल. ज्या वडीलधाऱ्या माणसाचे कान मंदावले आहेत त्याची मात्र सारी कथाच हरवते.

असे का व्हावे? दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट होता. मूकपटातील मजकुराच्या पाट्या फिल्मवरच चित्रित केलेल्या असत. त्यामुळे चित्र जेथे दिसेल तेथे पाटीही दिसे. डीव्हीडी व ब्लू-रे चकत्यांवरील सबटायटल ही याच जातीची, म्हणजे अक्षरांची लहान लहान चित्रे असतात. ती चित्रपटावर पसरावयाची, एवढेच यंत्राचे काम.

पेनड्राइव्हवरील ओळींची गोष्ट निराळी. त्या बहुधा एसआरटी नावाच्या वेगळ्या फायलीत असतात. ही फाइल म्हणजे साधी वही समजा: ओळीचा अनुक्रमांक, ती केव्हा दाखवावी व केव्हा पुसावी याची वेळ, आणि खाली मजकूर. ही वही वाचून, घड्याळ सांभाळून, अक्षरे स्वतः काढण्याचे काम चित्रपट चालविणाऱ्या प्रोग्रामने करावयाचे असते. प्लेस्टेशन ३ मधील प्रोग्रामला ते शिकविलेलेच नाही. ज्यात चित्र, ध्वनी व ओळी एकत्र बांधलेल्या असतात ती एमकेव्ही फाइलही तो स्वीकारीत नाही. म्हणून सेटिंग्ज कितीही उलटसुलट केल्या तरी उपयोग होत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, ओळी चित्रातच कायमच्या उमटवून घेणे. संगणकावरील हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम हे काम करतो. दुसरा, युनिव्हर्सल मीडिया सर्व्हर हा मोफत प्रोग्राम संगणकावर चालू ठेवणे. तो घरातील नेटवर्कवरून चित्रपट पाठविताना वाटेतच ओळी चित्रात मिसळतो.

पहिला उपाय योजताना चार गोष्टी पाहाव्यात. ओळी मराठी असतील तर फाइल यूटीएफ-८ या संकेतात जतन केलेली असावी. एरवी देवनागरीऐवजी चौकटी व भलतीच चिन्हे दिसतात. दुसरे, वेळ जुळते की नाही हे आधी तपासावे. सेकंदाला २५ चित्रांच्या प्रतीसाठी केलेल्या ओळी सुमारे २४ चित्रांच्या प्रतीला लावल्या, तर तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो, आणि एकदा उमटविलेली ओळ पुसता येत नाही. म्हणून मूळ प्रत जपून ठेवावी, हे तिसरे. चौथे, प्लेस्टेशन ३ ला चालणाऱ्या एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

सबंध चित्रपटावर हे संस्कार करण्यापूर्वी आरंभीच्या पाच मिनिटांचा तुकडा तयार करून तो कन्सोलवर लावून पाहावा. ज्यांच्यासाठी ही खटपट चालली आहे त्यांनाच समोर बसवावे, आणि अक्षरे पुरेशी मोठी आहेत का, तेवढ्या वेळात वाचून होतात का, हे त्यांनाच विचारावे.