मामा, साडू आणि क्रिमिलेअर

येलदरी कॅम्पात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे शेतकरी, कॉलेजची पोरं आणि पूर्णेवरच्या धरणावर नोकरी करून निवृत्त झालेली मंडळी. इंग्रजी बोलणारं कुणी नाही, पण इंग्रजी रकान्यातून सुटकाही कुणाची नाही.

नात्यांच्या बाबतीत ही भाषा फार काटकसरी. दीर, मेहुणा, साडू सगळे 'ब्रदर-इन-लॉ'. आमच्याकडे मामाची पोरगी करायची रीत जुनी, त्यामुळे मामाच सासरा होतो. नात्याबाहेर दिलेली पोरही सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याच म्हणते. इरावती कर्व्यांनी १९५३च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भारतभरच्या अशा नातेरचना प्रांतवार मांडल्या आहेत.

परवा एक सूनबाई आली. "दादा, मामाचं नाव चढवा कार्डावर."

"आईचे भाऊ का सासरे?"

"सासरे वो!"

२०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशन कार्डावर घरातली सर्वांत वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख असते. म्हणजे घरात शब्द मामांचा, कार्डावर मात्र ते आत्याचे 'हजबंड'.

वर्गवारीची इंग्रजी मात्र लोकांनी पचवली. कागदावर गट-ड आलं, तरी कॅम्पात अजून 'क्लास फोर'च म्हणतात. ओपन, ओबीसी, ईडब्ल्यूएस हे शब्द तर बांधावरही ऐकू येतात. घोळ होतो तो आठ लाखांचा. ओबीसींमधल्या सधनांना, म्हणजे 'क्रिमिलेअर'ला, आरक्षणातून वगळायचं तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं १९९२मध्ये उचलून धरलं. त्यासाठीची उत्पन्नमर्यादा २०१७पासून आठ लाख आहे. त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. २०१९मध्ये आलेल्या ईडब्ल्यूएसची मर्यादाही आठ लाखच, पण तिथं दोन्ही धरतात. शिवाय केंद्राच्या ईडब्ल्यूएससाठी कुटुंबाची शेती पाच एकरांच्या आत लागते, मग ती कोरडवाहू का असेना. त्यामुळे "सोयाबीनचे पैसे धरायचे का?" या प्रश्नाला मी आधी विचारतो, दाखला कोणता पाहिजे?

साडूला इंग्रजीत काय म्हणतात, हे न आल्यानं कुणाचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. ती तारीख ध्यानात राहिली नाही, तर पोराची ॲडमिशन अडते. म्हणून दाखला हातात देताना मी तारखेवर बोट ठेवून, मोठ्यानं वाचून दाखवतो.