संशोधन-साहाय्यक कर्मचारी : एका स्वतंत्र व्यवसायाची घडण

शोधनिबंधावर नाव संशोधकाचे असते. प्रस्ताव सिद्ध करणारे, निधीचा हिशेब ठेवणारे, उपकरणे चालविणारे बहुधा अनुल्लेखितच राहतात. जर्मन विद्यापीठांत हा वर्ग दीर्घकाळ प्रशासनातच गणला जाई. २००५ मध्ये तेथे ‘उत्कृष्टता उपक्रम’ संमत झाला, निधीसाठी विद्यापीठांत स्पर्धा सुरू झाली आणि धड अध्यापन नव्हे, धड कारकुनीही नव्हे, अशा संशोधन-व्यवस्थापनाच्या व्यवसायाला गती मिळाली. मात्र त्यातील पुष्कळ नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीपुरत्याच असतात. प्रतिष्ठा वाढली, स्थैर्य नाही.

याचे जवळचे उदाहरण शिनोलीकरांना शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडद येथे सापडेल. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. निरीक्षणाची वेळ मिळालेला शास्त्रज्ञ परदेशात असू शकतो. रात्रपाळीत नियंत्रण कक्ष सांभाळणारा चालक आणि बिघडलेली अँटेना दुरुस्त करणारा तंत्रज्ञ मात्र जागेवरच लागतो. हे काम इतर कामे उरकून करण्याजोगे नाही, हे तेथे गृहीतच आहे.

ग्रामीण महाविद्यालयांत ग्रंथपाल व प्रयोगशाळा परिचर असतात. परंतु प्रकल्पाचे अंदाजपत्रक, देयके आणि उपयोगिता प्रमाणपत्र बहुधा प्राध्यापकच तासिका सांभाळून तयार करतो. (संशोधनाला वेळ का उरत नाही, हा प्रश्न मग त्यालाच विचारला जातो!) प्रत्येक महाविद्यालयास स्वतंत्र पद परवडणार नाही, जुन्नर-आंबेगावातील महाविद्यालयांनी मिळून एक संशोधन-अधिकारी नेमणे मात्र अशक्य नाही.